बाई घरात असताना

आमच्या मोठ्या दिरांशी वाद घालून कोणी जिंकलेलं मी पाहिलं नाही. अंबडच्या एका कारखान्यात ते युनियनचं काम बघायचे. त्यामुळे समोर मॅनेजर असो की भाजीवाला, त्यांचं बोलणं एकाच पट्टीत चालायचं. पाथर्डी फाट्याच्या अलीकडे आमची कॉलनी होती, सगळी बैठी घरं. दोन्ही भावांच्या खोल्या एका भिंतीला लागून, अंगण एक, नळ एक आणि स्वयंपाकही एकच. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी लग्न होऊन तिथे आले, तेव्हा आरोग्य केंद्राची नर्स महिन्यातून एकदा फाटक वाजवायची आणि भावोजी बनियनवरच बाहेर यायचे.

"ताई, तुमच्याशी माझं भांडण नाही," ते सुरुवात अशीच करायचे. "पण माझ्या पोराच्या अंगात सुई घालायची की नाही, ते मी ठरवणार. सरकार नाही."

"सक्ती कुठंय साहेब? आम्ही नुसतं सांगायला येतो."

"आज सांगायला येताय. उद्या न्यायला याल."

आत कणीक मळता मळता मला हसू यायचं. खोटं कशाला बोलू, कौतुकही वाटायचं. माझे वडील मनमाडला रेल्वेत होते आणि साहेबानं "बस" म्हटलं की उभ्या जागी बसणारे. कोणाला तोंडावर "नाही" म्हणणारा माणूस मी सासरी आल्यावरच पहिल्यांदा पाहिला.

त्यांच्या त्या "नाही"मागे कारणही तसंच होतं. माझे सासरे सिन्नरजवळच्या एका खेड्यात शिक्षक होते. आणीबाणीत त्यांना हुकूम आला की नसबंदीसाठी माणसं आणा. आणायची कुठून? जीपचा आवाज आला की गावातले बाप्ये बाजरीच्या रानात जाऊन बसायचे. सासऱ्यांनी दोघातिघांच्या हातापाया पडून पाहिलं, मग पगार अडकला, आणि शेवटी ते स्वतःच जाऊन टेबलावर झोपले. जखम चिघळली. त्यानंतर ते कधी नीट ताठ चालले नाहीत आणि गावात कोणाच्या डोळ्याला डोळाही त्यांनी दिला नाही. भावोजी तेव्हा शाळकरी होते. बापाच्या जखमेवरची पट्टी तेच बदलायचे. असा मुलगा मोठा होऊन सरकारी सुईसमोर मान तुकवेल अशी अपेक्षा कोण करणार? मी तरी करू शकत नव्हते.

मला मुलगी झाली ती माहेरी, मनमाडला. तिथे तिला पोलिओचे थेंब आणि ट्रिपलचं पहिलं इंजेक्शन दिलं. सासरी परत आल्यावर पुढची मी इथल्या केंद्रात नेऊन दिली. जरा घाबरतच मी भावोजींना सांगितलं. ते म्हणाले, "मला कशाला सांगतेस? तुझी मुलगी, तुझा निर्णय. मी दुसरं काय म्हणतो?" त्या दिवशी मला ते फार मोठे वाटले. बोलल्याप्रमाणे वागणारा माणूस, असं मी नवऱ्याला म्हणालेसुद्धा. गोवराची लस तेवढी राहिली होती. नर्स म्हणाली होती, नऊ महिने पूर्ण झाले की आणा, त्याआधी देत नाहीत. मुलीला तेव्हा सातवा लागला होता.

आणि त्याच महिन्यात पुतण्याला गोवर निघाला.

पुतण्या चार वर्षांचा, गोरापान, दंगेखोर. आधी ताप आला, डोळे लाल झाले, आणि मग कानामागून पुरळ खाली उतरायला लागलं. सासूबाईंनी त्याचा सदरा वर करून पाहिला आणि लगेच हात जोडले. "बाई आली," त्या म्हणाल्या. आमच्याकडे गोवर हा रोग नाही, पाहुणी. ती देवी असते, मुलाच्या अंगात मुक्कामाला आलेली. ती घरात असेपर्यंत फोडणी द्यायची नाही, दारात कडुनिंबाचा डहाळा लावायचा, दाढी करायची नाही, गोळ्या-औषधं करायची नाहीत. मुलाला नावानं हाक मारायची नाही, "बाई" म्हणायचं. तो मागेल ते द्यायचं. पुतण्यानं दोन दिवस नुसते पेढे मागितले आणि आम्ही ते दिले. कारखान्यात सुरक्षेच्या बुटांवरून मॅनेजरला धारेवर धरणारे भावोजी आईपुढे मात्र गोगलगाय. दाढीचे खुंट वाढवून अंगणात गप्प बसून राहायचे.

हे सगळं मला मान्य होतं. माणसं आपापल्या पद्धतीनं घाबरतात. पण पहिल्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या मुलीला माझ्याकडून घेतलं आणि पुतण्याच्या पायावर घातलं. बाईचं दर्शन घ्यायला हवं, नाहीतर ती रुसते. पुतण्याला मजा वाटली. त्यानं तिच्या गालाचा मुका घेतला, आणि मुलगी खुदकन हसली.

मी नवऱ्याला आत बोलावलं. म्हटलं, "मी हिला घेऊन आजच मनमाडला जाते. हिला अजून लस नाही." तो म्हणाला, आईला विचार. मी विचारलं.

"बाई घरात हाय," सासूबाई म्हणाल्या. "लेकुरवाळी उंबरा वलांडून गेली तर तिचा कोप व्हतो. बाईला निरोप दिल्याबिगर कोनी भायेर जायाचं नाय."

"आई, ती लहान आहे. तिला झालं तर?"

"झालं तर झालं. बाई कोनाला सुटली हाय? ल्हानपनीच येऊन गेलेली बरी."

मग मी भावोजींकडे गेले. मला खात्री होती. या घरात एक माणूस असा होता, जो आयुष्यभर एकच गोष्ट सांगत आला होता. मी म्हटलं, "भावोजी, तुम्हीच म्हणाला होतात ना, तुझी मुलगी, तुझा निर्णय? आईंना सांगा ना तेवढं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. नळाच्या तोटीकडे बघत म्हणाले, "चार दिवसांचा प्रश्न आहे. आईचं मन मोडू नको."

कपड्यांची पिशवी मी भरून ठेवली होती. ती दाराआड तशीच राहिली. आज कोणी म्हणेल, शिकली-सवरलेली बाई, बी.कॉम. झालेली, जायचं निघून. अहो, नवी सून अंगावरचं पोर घेऊन, देवीचा कोप ओढवून, दोन पुरुषांच्या समोरून रिक्षात बसते? सांगणाऱ्याचं काय जातं. सरकार जबरदस्ती करतं म्हणून ज्या अंगणात एवढी भाषणं झाली, त्या अंगणातून मला एसटी स्टँडपर्यंत जायची मुभा नव्हती. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आमच्या घरात स्वातंत्र्य होतं, पण ते बाप्यांच्या मापाचं शिवलेलं होतं.

पुतण्याची बाई गेली. दहीभाताचा नैवेद्य झाला, कडुनिंबाच्या पाण्यानं त्याची आंघोळ झाली, तो पुन्हा भिंतीवर चढायला लागला. आणि माझ्या मुलीला ताप भरला. सात महिन्यांचं पोर, ते पेढे थोडेच मागणार? ती नुसती कण्हायची. डोळे चिकटलेले, अंग भाजणारं. मी तिला छातीशी धरून भिंतीला टेकून बसायचे आणि मनातल्या मनात सगळ्यांना शिव्या द्यायचे, देवीलासुद्धा. पण तीही बरी झाली. अंगावरचे डाग गेले, अंग धरलं. सासूबाई म्हणाल्या, "बगितलं? उगाच घाबरली व्हतीस." मीही म्हटलं, असेल बाई, मीच घाबरट. एवढ्यावर ती गोष्ट संपली असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो. पुढे सासूबाई वारल्या, भावोजींना एक मुलगी झाली, कॉलनीत बैठ्या घरांच्या जागी इमारती उभ्या राहायला लागल्या. माझी मुलगी तिसरीत गेली.

मी घरी गणिताच्या शिकवण्या घ्यायचे. माझी मुलगी त्या मुलांच्या मागच्या रांगेत बसून पाढे म्हणायची आणि माझ्या आधी उत्तर सांगायची. दिवाळीनंतर ती चुकायला लागली. बाराचा पाढा निम्म्यात अडला. मी ओरडले. मग तिचं अक्षर बिघडलं, ओळ सोडून खाली घसरायला लागलं. मग हातातून पेन्सिल पडायची, पाण्याचा पेला पडायचा. शाळेतल्या बाई म्हणाल्या, लक्ष नाही, टीव्ही कमी करा. आम्ही टीव्ही बंद केला. त्यानंतर ते झटके सुरू झाले. बसल्या जागी तिची मान एकदम पुढे जायची, कोणीतरी मागून टपली मारावी तशी, आणि परत सरळ व्हायची. तिला वाटायचं मागून कोणी मारतंय. ती मागे वळून बघायची आणि मला विचारायची, "आई, कोण आहे?"

नाशिकच्या डॉक्टरांनी मोठ्या डॉक्टरांकडे पाठवलं. डोक्याला तारा लावून आलेख काढला, पाठीतून पाणी काढलं. ते डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलणारे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हिला लहानपणी गोवर आला होता का?" मी हो म्हटलं. "किती महिन्यांची होती?" मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि चष्मा काढला. तेव्हाच मला कळलं.

त्यांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, ते मला आजही एका दमात म्हणता येत नाही. गोवराचा विषाणू काही मुलांच्या मेंदूत तसाच राहतो, वर्षानुवर्षं, आणि मग एक दिवस मेंदू पोखरायला लागतो. फार क्वचित होतं, म्हणाले. ज्यांना अगदी तान्हेपणी गोवर येतो त्यांना धोका जास्त. औषध आहे का, असं नवऱ्यानं विचारलं. झटके कमी करायला आहे, म्हणाले. तो पुन्हा म्हणाला, "पण औषध आहे का?" डॉक्टर चष्मा पुसत राहिले.

मी विचारलं, "हिला लस दिली असती तर?"

"हिचं वयच नव्हतं लसीचं. एवढ्या लहान मुलांना आजूबाजूच्यांनी सांभाळायचं असतं. ज्याच्याकडून हिला आला, त्याला दिलेली असती तर कदाचित ही वाचली असती."

बाहेर येऊन आम्ही स्कूटरपाशी उभे राहिलो. नवरा रडत होता. रडता रडता म्हणाला, "दादाला हे सांगू नकोस. तो मोडून जाईल." मी त्याच्याकडे बघत राहिले. मुलगी आमच्या दोघांच्या मधे उभी, तिची मान पुढे जात होती, मागे येत होती, आणि या माणसाला भाऊ मोडण्याची काळजी. तरी मी गप्प बसले. गप्प बसायची मला सवय लावलेलीच होती.

एका वर्षात ती चालायची थांबली, मग बोलायची, मग गिळायची. नाकातून नळी घालून मी तिला पेज द्यायचे. शिकवण्या बंद केल्या. जाऊबाई तिचे कपडे धुवायच्या, भावोजी तिला उचलून अंगणात उन्हात आणून बसवायचे. ते तिच्यावर जीव टाकायचे, हे मी नाकारणार नाही. तिच्या तोंडातली लाळ स्वतःच्या रुमालानं पुसायचे. नशीब, म्हणायचे. कोणाच्या नशिबात काय लिहिलेलं असतं, म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे.

मग पोलिओचा एक रविवार आला. दुसऱ्या दिवशी घरोघर फिरणाऱ्या दोन मुली निळी पेटी खांद्याला लावून फाटकात आल्या. भावोजींची धाकटी तेव्हा तीन वर्षांची. मी आत मुलीला भरवत होते, आणि बाहेरून तोच आवाज आला, त्याच पट्टीत. "ताई, तुमच्याशी माझं भांडण नाही. पण माझ्या मुलीच्या अंगात काय जाईल ते मी ठरवणार."

माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. पेजेची पिचकारी हातात तशीच घेऊन मी बाहेर गेले. म्हटलं, "भावोजी, आत या."

"थांब, यांना..."

"आत या म्हणते ना!"

ते आले. मुलीच्या खाटेपाशी उभं करून मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टरांचा शब्द न् शब्द. आवाज चढवला की नाही ते आठवत नाही, पण जाऊबाई धावत आल्या होत्या आणि नवरा "बस्स, बस्स" म्हणत होता. भावोजींचा चेहरा पांढराफटक पडला. ते एवढंच म्हणाले, "मला कुठं माहीत होतं?"

"तुम्हाला माहीत नव्हतं. पण मी जाते म्हणत होते. तुम्ही नळाकडे बघत बसलात."

ते बाहेर गेले. धाकटीला कडेवर घेतलं आणि तिचं तोंड स्वतः उघडून धरलं. मुलींनी दोन थेंब टाकले, करंगळीच्या नखावर शाई लावली. मला वाटलं होतं, मी एकदा बोलले की छातीवरचा दगड उतरेल. कसला उतरतोय. मी आत गेले तर नळीतून पेज परत बाहेर आली होती आणि मुलीची मान भिजली होती.

त्यानंतर जे झालं ते मला जास्त लागलं. भावोजी बदलले. बदलावं तर असं की, पूर्वीचे बरे. शेजारी इमारतीचं काम चालू होतं. तिथे पेठकडच्या डोंगरातलं एक जोडपं राखणीला राहायचं, दोन लहान पोरं घेऊन. ती बाई आमच्या नळावरून पाणी न्यायची. पुढच्या पोलिओला तिनं पोरं लपवली. आदल्या वेळी थेंबांनंतर थोरल्याला हगवण लागली होती, म्हणून तिला भीती बसलेली. भावोजी नळावर जाऊन उभे राहिले. "आधी डोस, मग पाणी," म्हणाले.

बाई हंडा घेऊन नुसती उभी. "भाऊ, पोराला मागं लय तरास झाला व्हता."

"ते मला सांगू नको. डोस नाही तर पाणी नाही. आणि ठेकेदाराला सांगून इथून हाकलून देईन."

"पानी नका देऊ," ती म्हणाली. "पन असं नका बोलू आमाला."

तिनं रिकामा हंडा डोक्यावर ठेवला आणि गेली. दोन दिवसांनी ती झोपडी रिकामी दिसली. कुठे गेली, पोरांना थेंब मिळाले की नाही, कोणाला ठाऊक? भावोजी मला म्हणाले, "अशा लोकांना असंच पाहिजे." जणू मला खूश करण्यासाठीच त्यांनी ते केलं होतं. मला त्यांच्या बापाची आठवण झाली, बाजरीत लपलेल्या माणसांची झाली. त्या बाईशी जरा बसून बोललं असतं, हगवण कशानं लागली असेल ते विचारलं असतं, तर? पण विचारणं आमच्या घराला जमतच नव्हतं. आधी कोणाचं ऐकायचं नाही म्हणून, नंतर सगळ्यांनी आपलंच ऐकायचं म्हणून. आणि ज्या एका माणसापाशी येऊन त्यांनी काही विचारायला हवं होतं, म्हणायला हवं होतं, ती मी तिथेच अंगणात कपडे वाळत घालत होते. माझ्यापाशी ते कधीच आले नाहीत.

मुलगी गेली ती उन्हाळ्यात, सकाळी, मी तिची कूस बदलत असताना. ती गेली हे मला जरा उशिरा कळलं, कारण ती कधीपासून गेल्यासारखीच होती. लोक म्हणाले, सुटली. लोकांना म्हणायला काय लागतं. माझं काही सुटलं नाही. अजूनही मूल कुठे पेन्सिल पाडतं तेव्हा मी आधी त्याच्या मानेकडे बघते.

त्यानंतर लसीची सक्ती असावी की नसावी यावर कॉलनीत, नात्यात, लग्नाच्या पंगतीत कितीदा चर्चा झाली. बोलता बोलता लोक माझ्याकडे बघतात. यांचंच मत विचारा, म्हणतात. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे खरं, पण जळलेल्याला उत्तर सापडतं असं कुठे आहे? सक्ती असती तर पुतण्याला लस मिळाली असती आणि माझी मुलगी जगली असती. आणि सक्तीनंच एका बापाला वाकवून ठेवलं, म्हणून तर पुतण्याला लस मिळाली नाही. मी या दोन वाक्यांमधे अडकून पडले आहे. मला पुढचं वाक्य येत नाही. मी जेवायला वाढायला उठते.

पुतण्या बारावीनंतर फार्मसीला गेला. उंच झाला, बापासारखा रुंद खांद्यांचा, पण बोलणं मवाळ. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत एका दुपारी तो माझ्याकडे आला. मी कोथिंबीर निवडत होते. तो खाली बसला आणि माझ्यासमोरच्या काड्या उगाच इकडच्या तिकडे करायला लागला.

"काकू, तिला गोवर माझ्याकडूनच झाला ना?"

एवढी वर्षं या घरातल्या कोणीतरी येऊन हे मला विचारावं म्हणून मी थांबले होते. आणि विचारायला आला तो हा. ज्याचा काडीचा दोष नव्हता तो.

"तू चार वर्षांचा होतास रे."

"म्हणजे हो."

मी कोथिंबिरीची जुडी पुढे ओढली. त्याचे डोळे भरले. "मग मला का नाही झालं, काकू? मला तर काहीच नाही झालं."

मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुला नाही झालं तेच बरं झालं." म्हणताना माझा आवाज एकदम कोरडा निघाला. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग माझा हात हळूच बाजूला केला आणि उठून गेला.